साळूबाईंचं शून्य

३ नोव्हेंबर, सोमवार

बारावीनंतर डायरीला हात लावला नव्हता. आज लिहायला घेतली, कारण घरी काही बोलायला गेलं की संपत म्हणतात, "दवाखाना दवाखान्यातच ठेवून येत जा." नाही ठेवता येत.

मागच्या मंगळवारी आमच्या कॅज्युअल्टीत बहात्तर वर्षांचे एक आजोबा आले. तक्रार एवढीच, की दोन दिवस जेवण जात नाही, अंगात त्राण नाही. डॉक्टर आदिनाथांनी बीपी पाहिलं, केसपेपरवर 'वार्धक्य' लिहिलं, शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. बुधवारी सकाळी त्याच आजोबांना जीपमध्ये आडवं घालून आणलं. हार्ट अटॅक. स्ट्रेचरवर घेईपर्यंत संपलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखेलच असं नाही, हे मला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. 'वार्धक्य' हे काय निदान झालं? तीस वर्षांच्या माणसाच्या पेपरवर कुणी 'तारुण्य' लिहितं का?

शनिवारी नेमकं जालन्यात ट्रेनिंग होतं. पासष्टच्या पुढचा रुग्ण आला की लगेच सहा प्रश्न विचारायचे. रोजच्या कामाला कुणाची मदत लागते का, या दुखण्यानंतर ती वाढली का, गेल्या सहा महिन्यांत दवाखान्यात भरती झाले होते का, नीट दिसतं का, विसरायला होतं का, पाचपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का. अडचणीच्या प्रत्येक उत्तराला एक गुण. दोन किंवा जास्त झाले की केसपेपरवर लाल लेबल, मग डॉक्टरांनी डोक्यापासून पायापर्यंत तपासल्याशिवाय सोडायचं नाही. दोनच्या खाली हिरवं.

आम्ही तीसजणी होतो. निम्म्याजणींनी फॉर्मची घडी करून पर्समध्ये घातली. मी आज तो अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. अण्णासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "करा सुरू. फक्त वेगळा स्टाफ मागू नका."

मागितलाच नव्हता.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला दिवस. अकरा म्हातारी माणसं, नऊ लाल.

डॉक्टर आदिनाथ वैतागले. "सिस्टर, आपल्याकडचा कोणता म्हातारा दोनच्या खाली येणार? सगळेच लाल, मंग लालचा उपयोग काय? माझ्याकडं खाटा आठ हायेत."

मी म्हटलं, "मग 'वार्धक्य' लिहा आणि मोकळे व्हा."

सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांचं तोंड पडलं. पडू दे. अठ्ठावीस वर्षांचा कंत्राटी डॉक्टर, अजून नीट दाढीही करून येत नाही. शर्टसुद्धा कालचाच होता. माणूस कामाला येताना निदान आंघोळ करून तरी येतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मी जिंकले. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

राधेश्याम काका आले, अडतीस वर्षं कापडाच्या दुकानात माप घेतलेला माणूस. चक्कर येते म्हणाले. पाचपेक्षा जास्त औषधं का, विचारलं तर हसले. "बेटी, गिनी नहीं कभी." सुनेने पिशवी टेबलावर उलटी केली. चौदा पाकिटं! बीपीची एकच गोळी तीन डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या नावांनी दिलेली आणि काका तिन्ही रोज इमानदारीने खाऊन राह्यले होते. वरचं बीपी ऐंशी. एरवी चक्करची गोळी मिळाली असती, म्हणजे पंधरावं पाकीट.

लाल लेबल, सलाईन, दोन दिवस भरती. डॉक्टर आदिनाथांनी पिशवी दोनदा पाहिली आणि हळूच म्हणाले, "हे माझ्याकडून सुटलं असतं."

सुटलंच असतं. मला एवढा राग येतो की एवढ्या साध्या गोष्टीसाठी कागद छापावा लागतो. माणसाला पिशवी उघडायला सांगायला काय पैसे पडतात?

१५ नोव्हेंबर, शनिवार

अण्णासाहेबांना आता फॉर्म फार आवडायला लागला आहे. विसाव्या तारखेला वरून पथक येणार. "शंभर टक्के पाहिजेत प्रीती सिस्टर. नोंदणीपासून दहा मिनिटांत फॉर्म भरलेला. एक जरी कोरा दिसला तर..." दोन आठवड्यांपूर्वी हाच माणूस फॉर्म चहाच्या कपाखाली ठेवत होता.

चिडले, पण शंभर टक्के करून दाखवीन असंही मनात आलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी बारा वाजता कापूस वेचायला निघालेल्या बायांची ट्रॉली उलटली. नऊजणी एकदम. रक्त, माती, रडारड, कुणाचा हात लोंबतोय. डॉक्टर एक, मी एक, शिकाऊ दोघी. आणि या सगळ्यात अण्णासाहेब मोबाईल घेऊन दारात! "सिस्टर, जरा लेबल दिसेल असा फोटो येऊ द्या." माझ्या हातात टाके घालायची सुई होती. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तशातही फॉर्म एकही सुटला नाही. चार म्हातारी माणसं आली, चारही भरले. एक तर मन प्रसन्न करणारी. साळूबाई, वय चौऱ्याहत्तर, शहागडच्या पलीकडच्या मळ्यात एकट्या राहतात. डोकं जड वाटतं म्हणून मुलगा बद्रीनाथ मोटारसायकलवर घेऊन आला होता. त्याच्या वेचणीच्या बाया खोळंबल्या होत्या, जल्दी करा म्हणून मागे लागला.

"मदत लागते का कुणाची?"

"कशाची मदत! सगळं हातानं करती."

"दिसतं नीट?"

"सुई ओवती अजून."

"विसरतात का?"

"कोणत्या साली कोणती विहीर खांदली ते सांगती, म्याडम."

औषधं बीपीची एक, भरती कधीच नाही. आजी मध्ये मध्ये काहीतरी बोलत होत्या. मी म्हटलं, "आजी, जरा थांबा, त्यांना सांगू द्या." मला दोनदा साधना म्हणाल्या, मुलीचं नाव असावं. पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतलेला, एका पायात चप्पल नाही. मुलगा म्हणाला, गाडीवरून पडली असेल कुठं तरी. आजींना पत्ताही नव्हता. सगळ्याला हसत होत्या. या वयात इतकं निर्धास्त राहता आलं पाहिजे.

शून्य गुण. या पंधरा दिवसांतलं पहिलं शून्य. हिरवं लेबल लावताना बरं वाटलं. डॉक्टरांनी लेबल पाहिलं, डोकेदुखीची गोळी लिहिली, पुढच्या बाईकडे वळले.

अण्णासाहेबांना मात्र मी सोडणार नाही. नऊ जखमी बाया आणि ह्यांना फोटो!

२० नोव्हेंबर, गुरुवार

पथक आलं. शंभर टक्के. टाळ्या वाजल्या, माझं नाव घेतलं, गुलाबाचं फूल दिलं. अण्णासाहेब म्हणाले, "आमच्या टीमने करून दाखवलं." टीम!

२२ नोव्हेंबर, शनिवार

साळूबाईंना आज सकाळी १०८ने आणलं.

उलट्या, उजवा हात-पाय लुळा, हाक मारली तर नुसतं कण्हणं. डॉक्टर आदिनाथांनी पदर बाजूला केला. कानामागे पिवळट-हिरवा डाग, तळहाताएवढा. जुना. आठ-दहा दिवसांपूर्वी पडल्या असणार. आत कवटीखाली रक्त थेंबाथेंबाने साचत गेलं आणि मेंदूवर दाब आला. बद्रीनाथ खाली बसला. "मला बोलली न्हाई हो ती. पडली म्हणून एका शब्दानं बोलली न्हाई."

बोलली नाही! आई आठ दिवस डोकं धरून बसते आणि मुलाला बाया कापसात वेळेवर गेल्या की नाही याची काळजी. त्याच्या खिशातून गोळ्यांची चिठ्ठी निघाली, त्यात रक्त पातळ करायची गोळी. दोन वर्षांपूर्वी हृदयाची नळी मोकळी केलेली. 'बीपीची एक, भरती कधीच नाही' म्हणे! आणि आमचे डॉक्टर, बुधवारी डोक्याला हात लावला असता तर तो डाग बोटाला लागला असता. डोकं दुखतं म्हणून आलेल्या बाईच्या डोक्याला हात लावायला कुठलं ट्रेनिंग लागतं?

सीटी स्कॅन आमच्याकडे नाही. संभाजीनगरला रेफर केलं. नवीन जालन्याहून मुलगी साधना थेट आली, बियाण्यांच्या कंपनीत ऑफिसला असते. रुग्णवाहिकेच्या दाराशी तिने मला विचारलं, "बुधवारी आईला कुणी बघितलं?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी.

चिडले सगळ्यांवर, दिवसभर चिडले. घरी पोळपाट आपटला. पण झोपायच्या आधी हे लिहून ठेवलं पाहिजे. केसपेपरला जोडलेला फॉर्म मी आज काढून पाहिला. शून्य. माझं अक्षर, माझी सही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल कवटीला भोक पाडून रक्त काढलं. साळूबाई जिवंत आहेत. शुद्ध अजून पुरती नाही.

साधनाने लेखी तक्रार दिली. अण्णासाहेबांनी मला एकटीला बोलावून दार लावलं. टेबलावर माझा फॉर्म आणि शेजारी एक कोरा.

"हे शून्य कसं काय? बाई एकटी राहते, हृदयरोगी, गोळ्या चालू. नीट भरला तर तीन-चार गुण होतात. घाईत चूक झाली असेल. दुरुस्त करून टाका."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. आज नवा फॉर्म भरायचा, बुधवारची तारीख टाकायची, लाल. म्हणजे सिस्टरने धोका ओळखला होता, डॉक्टरने दुर्लक्ष केलं.

"आदिनाथचं मार्चला कॉन्ट्रॅक्ट संपतंच आहे," ते म्हणाले. "पोरगा आहे, कुठंही लागेल. तुमची सोळा वर्षांची नोकरी आहे. शिवाय हा उपक्रम तुमच्या नावावर आहे, तो बदनाम होईल. विचार करा."

खरं लिहायचं तर मी 'नाही' म्हटलं नाही. म्हटलं, उद्या सांगते. कोरा फॉर्म पर्समध्ये घालून घरी आणला.

संपतना सांगितलं. ते शाळेच्या वह्या तपासत होते. वर न बघता म्हणाले, "तुझा नाहीतरी त्या डॉक्टरवर रागच होता ना."

किती घाणेरडं बोलले! आणि खोटंही नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कॅज्युअल्टीत गर्दी नव्हती. डॉक्टर आदिनाथ तपासणीच्या टेबलावरच बसून बिस्किटं खात होते. मी विचारलं, "बुधवारी तुम्ही आजींचं डोकं का नाही पाहिलं?" भांडायच्या सुरात विचारलं.

ते भांडले नाहीत. "हिरवं दिसलं, सिस्टर. तुमचं लेबल मी मानायला लागलो होतो. राधेश्याम काकांच्या पिशवीनंतर बराबर मानायला लागलो होतो. नऊ बाया पडल्या व्हत्या. म्हटलं, चला, एक तरी माणूस बरं हाये. सुटल्यासारखं वाटलं." मग म्हणाले, "तरी हात लावायलाच पाहिजे व्हता. मी तिसऱ्या दिवसाच्या ड्युटीवर होतो, पण ते काय त्या आज्जीला सांगायचं?"

"तिसऱ्या दिवसाच्या?"

"तीन जागा रिकाम्या हायेत, सिस्टर. ऑगस्टपासून मी एकटाच हाये इथं. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

हजेरीपटावर रोज माझ्या नावाखाली त्यांचं नाव असतं. ठाऊक कसं नाही? त्यांच्या दाढीवर आणि शर्टावर मी या वहीत लिहिलं आहे. तीन डॉक्टरांचं काम एकाच्या अंगावर टाकून शंभर टक्क्यांच्या टाळ्या घेणाऱ्याला मी फक्त फोटोवरून शिव्या घातल्या.

घरी आल्यावर एकोणीस तारखेचं पान पुन्हा वाचलं. सगळं तिथंच आहे. पायातून चप्पल निसटली ते कळलं नाही. मला साधना म्हणाल्या. डोक्याला पदर गच्च. एवढं सगळं मी पाहिलं, घरी येऊन लिहूनही काढलं आणि 'निर्धास्त' म्हटलं! आणि त्या बोलायला लागल्या तेव्हा त्यांना गप्प बसवलं. सहाच्या सहा प्रश्न मी बद्रीनाथला विचारले. मदत लागते का? लागत असणारच. द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी शून्य लिहिलं.

कुणावर चिडू? आज पहिल्यांदा ते समजेना.

डॉक्टर आदिनाथांना मी तिथंच कोऱ्या फॉर्मबद्दलही सांगितलं होतं. हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. एवढंच म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." विनवणी केली असती तर बरं झालं असतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निवेदन दिलं. सहा ओळी. दिनांक १९ नोव्हेंबरचा फॉर्म मी भरला. प्रश्न रुग्णाच्या मुलाला विचारले, रुग्णाला विचारले नाहीत. रुग्ण बोलत असताना मी थांबवलं. रुग्ण गोंधळलेली असल्याची लक्षणं समोर असून ओळखली नाहीत. त्या वेळी नऊ जखमींसह तेरा रुग्णांसाठी एकच डॉक्टर होते आणि ते सलग तिसऱ्या दिवशी ड्युटीवर होते. तीन पदं ऑगस्टपासून रिक्त आहेत.

आधी आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून नंबर घेतला, एक प्रत साधनाला पाठवली, मग वर नेलं. अण्णासाहेबांनी वाचून कागद टेबलावर आपटला.

"रिक्त पदांचा इथं काय संबंध?"

"तोच संबंध आहे, साहेब."

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. त्याला वाचवायला?"

"त्यांना वाचवायला नाही. झालं ते लिहिलंय." कोरा फॉर्म पर्समधून काढून त्यांच्यासमोर ठेवला. "हा तुमचा."

बाहेर आले. जिन्यातच बसले थोडा वेळ.

११ डिसेंबर, गुरुवार

चौकशी झाली. मला एक वेतनवाढ बंद आणि कॅज्युअल्टीतून लसीकरणाला बदली. डॉक्टर आदिनाथांना ताकीद. रिक्त पदांबाबत 'वरिष्ठ स्तरावर पाठपुरावा सुरू आहे'. चार महिने तो सुरूच आहे.

आणि फॉर्म बंद! अण्णासाहेबांचं पत्र : 'सदर उपक्रम विश्वासार्ह नसल्याने स्थगित करण्यात येत आहे.' फॉर्मने काय केलं होतं? राधेश्याम काकांची पिशवी कुणी उघडायला लावली? चुकीच्या माणसाला मी विचारलं, तर सुधारा ना मला. पुन्हा शिकवा. माणूस द्या, डॉक्टर द्या. पण नाही. म्हातारी माणसं पुन्हा जशी यायची तशी येतील आणि 'वय झालं' ऐकून परत जातील, कारण साहेबांना लाज वाटली. ते पत्र वाचल्यापासून माझं डोकं फिरलं आहे. माझी शिक्षा मला मान्य आहे. ही नाही.

साधनाला फोन करून सांगितलं. तिने ते पत्र मला पुन्हा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "मी तक्रार ह्यासाठी केली नव्हती. फॉर्म पुन्हा सुरू करा म्हणून मी जिल्ह्याला लिहिते. तुम्ही सही कराल?"

करीन म्हटलं.

२१ डिसेंबर, रविवार

जालन्याला गेले. साधनाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. रिक्षातून उतरल्यावर अर्धा तास खाली रस्त्यावरच घुटमळले.

साळूबाई गॅलरीत खुर्चीवर होत्या. डोक्याचे केस काढलेले, त्यावर मफलर. उजवा हात अजून मांडीवर पडून होता. बद्रीनाथही आला होता. दोघं बहीणभाऊ आतल्या खोलीत भांडत होते, आवाज बाहेर येत होता. साधना म्हणत होती, आई इथंच राहील. बद्रीनाथ म्हणत होता, गावातल्या घरी नेतो, बायको बघंल.

मी पायाशी बसले. कोण ते सांगितलं. "आजी, मी चुकले."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. हसणं नव्हतं आज. जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

"लई जन येऊन गेले. समदे म्हन्ते चुकलो. हा बी म्हन्तो, ही बी म्हन्ते. आन् आत बसून माह्यं काय करायचं ते ठरवून राह्यले."

"तुम्ही पडला ते बद्रीनाथभाऊंना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्याच दिशी मळ्यातून उचलून आनलं असतं. म्हनून पदर बांधला." डावा हात गजांवर आपटला. "आता आनलंच ना! हितं काय हाये? खाली बघितलं तर डोळे फिरत्यात. माह्या दोन म्हशी कोन्या परक्याच्या दावणीला. मला कोनी इचारलं?"

मला एकदम इतका संताप आला की मी उठून सरळ आत गेले. परक्याच्या घरात. म्हटलं, "माझा अधिकार नाही, पण बाहेर या आणि त्यांच्यासमोर बसून बोला. मी त्यांना न विचारता मुलाला विचारलं, त्याचं काय झालं ते तुम्ही बघितलंय."

साधना लाल झाली. मला वाटलं आता हाकलून देते. पण ती बाहेर गेली आणि आईसमोर फरशीवर बसली. मागून बद्रीनाथ.

तासभर चाललं. साळूबाई दमायच्या, थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा बोलायच्या. कुणी मध्ये बोललं की हात वर करायच्या. हात चालायला लागेपर्यंत इथं. संक्रांतीनंतर मळ्यात. बद्रीनाथची मोठी मुलगी राजनंदिनी झोपायला येईल, तिला विचारून, जबरदस्ती नाही. गोळ्यांची डबी साधना रविवारी येऊन भरेल. म्हशी उद्याच्या उद्या घरच्या गोठ्यात.

"आन् बीपी कोन बघंल?" बद्रीनाथने विचारलं.

साळूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ही."

मी म्हटलं, "येईन आजी. दर रविवारी माझी सुट्टी असते."

"माफ केलं न्हाई म्या तुला," त्या म्हणाल्या. "पन ये."